अर्धी कडी

"अहो, वरचे! आज पाऊस काळा पडतोय का?"

खालून आवाज आला तेव्हा ती गॅलरीत उकिडवी बसून सायकलच्या मागच्या चाकाचे दाते घासत होती. हातात जुना टूथब्रश, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हात कोपरापर्यंत काळे. साखळी काढून डब्यात भिजत घातलेली. म्हणजे... घातलेली होती. वळून बघते तर डबा आडवा! लिंबाचा वास येणारं ते काळं पाणी कठड्याखालच्या फटीतून, कुणी बोलावल्यासारखं, खाली निघालेलं.

ती डबा सावरायला झेपावली आणि कोपर कठड्यावर आपटलं. कठड्यावर तिने साखळीची जोडकडी काढून ठेवली होती, तिचे दोन अर्धे तुकडे शेजारी शेजारी. एक जागेवर राहिला. दुसऱ्याने टिंग करून एक उडी मारली आणि तो दिसेनासा झाला.

"आता लोखंडपण पडायला लागलं," खालचा आवाज म्हणाला.

तिने वाकून पाहिलं. खालची गॅलरी कुंड्यांनी गच्च भरलेली. मधोमध एक तरुण, दोन्ही हातांत भल्या मोठ्या कापडाची टोकं धरून वर बघत उभा. चष्म्याच्या एका काचेवर काळा ठिपका.

"सॉरी! खरंच सॉरी हं. कपडे खराब झाले का?"

"कपडे नाही. समुद्र."

"काय?"

"समुद्र खराब झाला. थांबा, वर येऊनच दाखवतो."

थांबा म्हणे! ती आत पळाली. हात धुवायला गेली तर काळं जाईना. कपाळावरची बट मागे सारली, तर कपाळालाही पट्टा ओढला गेला. आरशात स्वतःकडे बघून ती हताश झाली, आणि तेवढ्यात दारावर टकटक झालीच.

इथे त्या दाराच्या कडीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिचाच आहे. दार जुनं, कडी त्याहून जुनी. काढताना आणि लावताना ती अशी करकरायची की जिन्यातलं मांजर उठून बसावं. कितीदा तिने म्हटलं, "आत्या, थेंबभर तेल घालू का?" पण आत्या काही ऐकत नव्हती. आत्याचे गुडघे दुखायचे, ती आतल्या खोलीत खुर्चीत बसून असायची. घरात कोण आलं, घरातून कोण गेलं, सगळा हिशेब त्या करकरीवर. आई-वडिलांनी नोकरीच्या गावी पाठवताना पोरगी आत्याच्या हवाली केली होती, आणि आत्याने कडीच्या.

कडी करकरली.

"कोण आहे गं?" आतून लगेच.

"खालचे सर आहेत, आत्या."

"मग दारात काय उभे? आत तरी घे, नाहीतर घालव."

खाली शाळेतले कुणी मास्तर राहायला आलेत, एवढं तिला ऐकून माहीत होतं. मास्तर म्हटल्यावर तिने एक पोक्त माणूस डोळ्यांसमोर धरला होता. हा तर... बरं, ते असो.

त्याने ते कापड तिच्यासमोर धरलं. जगाचा नकाशा होता, भिंतीएवढा. शाळेतला, धूळ झटकून उन्हात घातलेला.

"इथे बघा. सकाळपर्यंत इथे नुसतं पाणी होतं."

निळ्या समुद्राच्या ऐन मध्यावर एक काळा डाग, आणि आजूबाजूला दोन बारके.

"आणि आता?" तिने ओठ दाबत विचारलं.

"आता बेट आहे. उद्या सातवीच्या वर्गाला काय सांगू मी? भूगोल शिकवतो हो मी!"

"सांगा, नवीन शोध लागला."

"कुणी लावला विचारतील."

"सांगा, एका दातवालीने."

त्याच्या भुवया वर गेल्या. मग तिने सांगितलं की ती दातांच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचे दात घडवायचे, आणि सुट्टीच्या दिवशी सायकलचे दाते घासायचे.

"म्हणजे एकूण आयुष्य दातांवरच," तो म्हणाला.

"पण कुणावर दात धरत नाही मी."

तो हसला. चष्म्यावरचा ठिपका अजून तिथेच होता, आणि तो पुसायला हात पुढे करण्याची एक वेडगळ इच्छा तिने मोठ्या कष्टाने मागे घेतली. काळे हात पाठीमागे लपवले.

"बेटाला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा असतो," तो नकाशाची घडी घालत म्हणाला.

"देते. पण आधी माझी कडी शोधू द्या. खाली पडलीये तुमच्याकडे."

"कडी?"

तिने उरलेला तुकडा तळहातावर घेऊन दाखवला. नखाएवढा. "साखळीची दोन टोकं ज्याने जोडतात, ती ही कडी. हिचे असे दोन भाग असतात, अगदी सारखे. उलटसुलट धरून एकमेकांत सरकवायचे आणि पॅडलवर दाब द्यायचा. टक्! मग सहजी सुटत नाही. पण एकटा अर्धा भाग कशाच्याच कामाचा नाही."

"एकट्याचं असंच असतं," तो गंभीरपणे म्हणाला.

"कडी, सर. मी कडीबद्दल बोलतेय."

"मीही!"

त्या संध्याकाळी तिने त्याच्या गॅलरीत बसून कुंड्या धुंडाळल्या. गुलाब, टोमॅटो, मिरच्या, कोरफड. चमच्याने माती उकरली. तोही उकरत होता. अंधार पडला तरी कडी काही सापडली नाही.

"उद्या येऊन बघू का? चालेल?"

"चालेल म्हणजे... कुंड्या कुठे जाणारेत!"

आता सोमवारची गोष्ट. लॅबमधून येताना वाटेत सायकलचं दुकान होतं. ती आत गेली, नवी जोडकडी घेतली. पुडीत बंद, सोनेरी. घरी येऊन साखळी धुतली, फडक्यात गुंडाळून कोरडी केली, चाकावर चढवली, नवी कडी बसवली. मागचा ब्रेक धरून पॅडलवर दाब दिला. टक्! मग साखळीच्या प्रत्येक सांध्यावर तेलाचा एकेक थेंब. पॅडल उलटं फिरवत फिरवत तेल आत मुरू दिलं, आणि वरचं सगळं पुसून काढलं. सायकल अशी लखलखली की बघत राहावं. खालचे सर शाळेतून यायच्या आत सगळं आटोपलं होतं.

आणि मग तिने सायकलवर चादर टाकली, चमचा घेतला, आणि दाराची कडी काढून खाली गेली.

"कुठे?" आतून आत्या.

"खाली. तो पार्ट शोधायला."

तिच्या बाजूने बोलायचंच झालं तर एवढंच बोलता येईल, की कारण नसताना एखाद्याच्या दारात कसं जायचं हे तिला कधी जमलंच नव्हतं. कॉलेजात एक मुलगा आवडायचा, त्याच्याकडून उसनी वही मागायचं धाडस व्हायच्या आत त्याचं कॉलेज संपलं. इथे तर आयतं कारण वरून खाली पडलं होतं. ते हरवून कसं चालेल? म्हणजे सापडून कसं चालेल?

मंगळवारपासून तिने पॅडलला हात लावला नाही. आता साखळी जोडलेली, चाक फिरलं की किर्रर्र वाजायचं, आणि खाली ऐकू गेलं असतं.

शोध जोरात सुरू होता. बुधवारी त्याने मातीसाठी चाळणी आणली. चहा व्हायचा. चहाबरोबर बिस्किटं असायची, आणि शोध लागू नये म्हणून दोघंही फार हळू शोधतायत की काय असं कुणाला वाटलं असतं, पण बघायला होतं कोण? मिरच्यांनी तर हाय खाल्ली होती, इतक्यांदा त्यांची मुळं उकरली गेली.

"ही पुदिन्याची राहिली," ती म्हणाली.

"ती नको. तिथे मी बघितलंय. नीट बघितलंय," तो घाईघाईने म्हणाला. "मुलं विचारत होती, सर, त्या नव्या बेटावर कुणी राहतं का?"

"मग?"

"म्हटलं, माहिती काढून सांगतो."

"सांगा, कुणी नाही राहत. नुसतं काळं तेल आहे. तिथे कोण जाईल राहायला?"

"नाही, तसं नाही..." तो चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, "जागा चांगली आहे. समुद्राकाठी आहे."

गुरुवारी त्याने आपली सायकल गॅलरीत आणून उभी केली. शाळेत जायची, साधी. तिची साखळी बघून ती किंचाळलीच. "अहो, ही साखळी आहे की डांबर?"

"रोज तेल घालतो मी!"

"तेच तर. घालता आणि पुसत नाही. धूळ चिकटून चिकटून काय झालंय बघा."

तिने वरून आपलं सामान आणलं. टूथब्रश, फडकी, लिंबाच्या वासाचं पाणी. चाकाचा एकेक दाता कसा घासायचा, साखळी फडक्यात धरून कशी ओढायची, सगळं दाखवलं. चिखल निघत गेला आणि खालून चक्क चंदेरी रंग वर आला. तो लहान मुलासारखा बघत राहिला. मग तेलाची बाटली घेऊन त्याने अशी काही धार धरली की तिने झटकन त्याचं मनगट पकडलं.

"थेंब! एका सांध्याला एकच थेंब. न्हाऊ घालायचं नाहीये तिला."

मनगट सोडायला हवं होतं. सोडलं... पण जरा उशिरा. पांढऱ्या बाहीवर तिची चार काळी बोटं उमटली.

"तेल घालणं सोपं असतं," ती फडक्याकडे बघत म्हणाली. "पुसणं शिकावं लागतं. वर राहिलेलं काही कामाचं नाही. आत जेवढं मुरलं तेवढंच खरं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं दिखाऊ. नुसती धूळ ओढतं."

पॅडल उलटं फिरत होतं, साखळीचा आवाजही येत नव्हता.

"तू सायकलबद्दलच बोलतेयस ना?" त्याने विचारलं.

तू! दोघांनीही तो शब्द ऐकला. तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... तुम्ही..."

"राहू दे," ती म्हणाली. "आलंय तर राहू दे."

शुक्रवारी मात्र गोम निघाली. तो सहज म्हणाला, "तुमच्या सायकलवाल्यांपैकी कुणीतरी तुला फाटकाशी 'ए टेम्पो' म्हणून हाक मारत होतं. का गं?"

तिने तोंड वाकडं केलं. "मोठी गोष्ट आहे. दरवर्षी आमच्या क्लबची एक लांबची फेरी असते, दीडशे किलोमीटर. थकलेल्यांना गोळा करायला मागून टेम्पो येतो. गेल्या वर्षी शेवटच्या चढावर माझी साखळी अडकली. घाणीने, दुसरं काय! मी परत आले ती टेम्पोत बसून, केळ्यांच्या टोपल्यांशेजारी. तेव्हापासून सगळे टेम्पो म्हणतात. तेव्हापासूनच तर मी ही घासाघाशी शिकले."

"मग यंदा?"

"यंदा..." ती थांबली. वर्षभर त्याच दिवसासाठी ती पहाटे उठत होती. त्या चढावर एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या पायांनी पोचायचं होतं. पण परवा सायकल घेऊन निघाली, तर कडी कुठून आली हे सांगावं लागणार. मग कुंड्या संपल्या, चाळणी संपली, चहा संपला. तिने मान फिरवली. "यंदा नाही जमणार. परवाच आहे फेरी. कडी कुठे सापडली अजून?"

त्याच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला. नंतर तो फारसं बोलला नाही. ती जिना चढताना विचार करत राहिली, आपण असं काय बोललो?

शनिवारी दुपारी ती लॅबमधून आली तर आत्या दुखरे गुडघे घेऊन दारातच उभी. डोळे मोठे.

"काय चाललंय तुमचं?"

"कुणाचं?"

"तो मास्तर! औषध आणायला खाली उतरले होते, तर जिन्यात भेटला. नमस्कार काय, तब्येतीची चौकशी काय. आणि तोंड वर करून मलाच सांगतो, 'आत्या, तिला सांगाल का, कडी काढून ठेव म्हणावं, मी संध्याकाळी येतो!'"

तिचा चेहरा उतरला. सापडली. म्हणजे त्याला कडी सापडली. संपलं सगळं.

आत्याने तो उतरलेला चेहरा बघितला आणि तिला जे समजायचं ते समजलं. "बघ! रंग उडाला तोंडाचा! अगं, कडी काढून ठेव म्हणे! माझ्या घराची! आणि निरोप माझ्याकडेच! काय हिंमत!"

"आत्या, ती कडी दाराची नाही गं. सायकलची."

"मला शिकवू नकोस. सायकलला कुलूप असतं. कडी दाराला असते. जन्मभर लावतेय मी."

"अगं, साखळीची कडी..."

"साखळीपण दाराचीच! बस आता. येऊ दे त्याला संध्याकाळी. कडी मीच काढते."

आणि खरोखर आत्याने खुर्ची दारासमोर आणून मांडली.

टकटक झाली. आत्या उठली. कडी करकरली, आज जरा जास्तच. दारात तो उभा, इस्त्रीचा शर्ट, एक मूठ घट्ट मिटलेली.

"या," आत्या म्हणाली. त्या 'या'ने माणूस आल्या पावली परत गेला असता. तो गेला नाही. आत आला, तिच्यासमोर उभा राहिला आणि मूठ उघडली. तळहातावर नखाएवढा तुकडा.

"सापडली?" तिने कसंबसं विचारलं.

"सापडली होती." "पहिल्याच दिवशी. तू खाली यायच्या आधी. पुदिन्यात होती."

"काय?"

"देणारच होतो. पण तू चमचा घेऊन बसलीस... आणि मग वाटलं, दिली तर उद्या कशाला येशील? मग रोजच तसं वाटायला लागलं. पण तुझी फेरी उद्या आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. तू वर्षभर... आणि माझ्यामुळे..." त्याने तो तुकडा तिच्यापुढे धरला. "घे. आत्ता जोडलीस तर होईल ना? तू रागाव, बोलू नकोस माझ्याशी, पण उद्या जा. टेम्पोत बसू नकोस."

तिला हसू येत होतं की रडू, तिलाच कळेना. ती गॅलरीकडे वळली. तो मागोमाग गेला, आणि आत्या त्याच्या मागोमाग. तिने सायकलवरची चादर ओढली.

साखळी जागच्या जागी, लखलखती. मध्ये एक सोनेरी कडी.

तो बघत राहिला. "ही तर जोडलेली आहे."

"हो."

"कधी जोडलीस?"

"सोमवारी."

"सोमवारी? मग मंगळवारी तू माझ्या मिरच्या कशाला उपटत होतीस?"

"तू कशाला चाळणी घेऊन आलास?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग असे हसत सुटले की त्याला कठडा धरावा लागला. शुक्रवारच्या कपाचा आवाज तिला आत्ता उमगला. हा आपली फेरी वाचवायला शोध सोडून देत होता, आणि आपण शोध वाचवायला फेरी सोडून देत होतो.

आत्या एकदा साखळीकडे, एकदा त्याच्या तळहाताकडे बघत होती. "म्हणजे ही ती कडी?"

"हो आत्या."

"आणि दोघांकडे होती?"

"हो."

"आणि दोघं आठवडाभर शोधत होतात?"

दोघांनी माना खाली घातल्या.

"शहाणे आहात!" आत्या म्हणाली. पण तिचं लक्ष आता तेलाच्या छोट्या बाटलीवर होतं. भावाच्या मुलीकडे सरळ बघायचं नसलं की ती असंच काहीतरी काम काढायची. "मास्तर, तेल घालता येतं का?"

"आता येतं. एकच थेंब, आणि वरचं पुसायचं."

"मग त्या दाराच्या कडीला घाला. तुम्ही आता येत-जात राहणार. माझ्या कानाला रोज ती करकर नको."

तो दाराशी बसला. थेंब घातला, कडी मागे-पुढे केली, फडक्याने निगुतीने पुसली. तो अर्धा तुकडा मात्र त्याने परत केला नाही. तिनेही मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती निघाली. चढावर पाय भरून आले, छाती धपापली, मागे टेम्पोची घरघर ऐकू येत होती. पण खाली साखळी अशी फिरत होती की जणू नाहीच. वर पोचल्यावर ती इतक्या जोरात ओरडली की क्लबमधल्या सगळ्यांनी तिला नवं नाव ठेवायचं ठरवलं. आणि काही सुचेना म्हणून टेम्पोच राहिलं.

ऊन उतरताना ती फाटकातून आत आली. खालच्या गॅलरीत तो झारी घेऊन उभा होता. पाणी कधीचंच कुंडीबाहेर वाहत होतं.

"टेम्पो कुठाय?"

"मागून येतोय. रिकामा!"

झारी हातातून पडली.

तिने वर जाऊन अंघोळ केली. या वेळी कपाळावर काळा पट्टा नाही ना, हे आरशात दोनदा बघितलं. सवयीने चमचा हातात घेतला, मग ठेवून दिला. दारापाशी आली, कडी काढली. कडी लोण्यासारखी सरकली. आतून 'कुठे?' आलं नाही. ती जिना उतरली. हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

त्याने दार उघडलं. मागे भिंतीवर तो नकाशा टांगलेला, काळ्या बेटासकट.

"काय हरवलं?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"मग... काही पडलं का खाली?"

"नाही. अशीच आले."

त्याने दार पूर्ण उघडलं. "उद्या मुलांना काय सांगू? त्या बेटावर कुणी राहतं का?"

तिने नकाशाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हात पुढे करून त्याच्या चष्म्याच्या काचेवरचा, कधीचाच न उरलेला ठिपका बोटाने पुसला.

"सांग, दोघं राहतात," ती म्हणाली.

तेवढ्यात वरून, थेट गॅलरीतून, आत्याचा आवाज आला.

"अगं ए! गेलीस कधी? अरे देवा... मीच तेल घालायला लावलं की गं कडीला!"